खर्डीच्या अंगात देवी

मी खर्डी बोलतेय. जात गावठी, रंग तांबूस, तुऱ्यावर जुन्या खपल्यांचे खड्डे आणि मान डावीकडे कललेली. या कललेल्या मानेमुळे मी फार विचारी आहे असा गावाचा समज आहे. तसं काही नाही. तो एका आजाराचा मागे राहिलेला भाग आहे. पण माणसाला एखादी गोष्ट एकदा पवित्र वाटली की तिचं खरं कारण सांगणाऱ्यालाच तो वेड्यात काढतो, म्हणून मी आजवर गप्प होते.

तुम्ही म्हणाल, कोंबडीचं आत्मवृत्त ते काय असणार? अंडं, पिल्लू आणि रस्सा. बऱ्याच जणींचं तेवढंच असतं. माझंही तेवढ्यावरच आटोपलं असतं, पण मध्ये देवी आली.

माझं घराणं खर्ड्याचं, जामखेडकडच्या कोरड्या मुलखातलं. माझी मालकीण हन्नाबाई तिकडचीच. राहुरीकडच्या एलिया मास्तरांशी तिचं लग्न झालं तेव्हा तिच्या आईनं भांड्याकुंड्यांबरोबर तिला एक तलंग दिली. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. त्या घरात लेकीला अशी तलंग देण्याची रीत होती. ती तलंग एसटीत हन्नाबाईच्या मांडीवर बसून आली आणि वाटेत दोनदा तिनं नवरदेवाच्या विजारीवर आपलं मत नोंदवलं. ती माझी खापरपणजी. पुढे जी काही पैदास झाली ती सगळी तिची.

नंतर हन्नाबाईचे आईवडील गेले. भावानं घर विकलं आणि तो चिंचवडला गेला. नाताळात तो बहिणीला करंज्यांचा फोटो पाठवतो. आता खर्ड्यात हन्नाबाईला 'आलीस का बाई' म्हणणारं कोणी नाही. माहेरचं म्हणून जे काही उरलं ते आमचं वाण. म्हणून आम्हा सगळ्यांचं नाव खर्डीच.

हन्नाबाईला एकच मुलगी, शॅरन. ती शिर्डीत एका हॉटेलात काउंटरवर असते. तिचं लग्न ठरलं, तारीख पुढच्या मे महिन्यातली धरली, तेव्हा हन्नाबाईनं सगळ्यात आधी हेच सांगितलं, "तुला आपल्या वानाची तलंग देनार बरं का मी." शॅरन हसली. पण सासरी अंगण आहे की नाही हे तिनं लगेच नवऱ्या मुलाला विचारून घेतलं, हे मी ऐकलं आहे.

आता आमच्या आजारपणाविषयी. कोंबडी आजारी आहे हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. पिसं फुगलेली, पंख पडलेले, डोळे मिटलेले आणि दाण्याकडे पाठ. सकाळी खुराड्याचं दार उघडल्यावर जी सगळ्यांच्या आधी बाहेर पडते ती ठणठणीत, आणि जी आतच बसून राहते तिचं काहीतरी बिनसलं आहे. पण सकाळी माणूस आमच्याकडे पाहत नाही, आमच्याखाली पाहतो. अंडं असलं की कोंबडी बरी.

आणि चुकून आजार ध्यानात आलाच, तर पहिला प्रश्न, "आजून कापन्याजोगी हाय का?" आमच्या भागात कोंबडीवर सगळ्यात जास्त चालणारं औषध म्हणजे कांदा-खोबऱ्याचं वाटण. ते घेतल्यावर एकही कोंबडी पुन्हा आजारी पडलेली नाही.

आमच्या घरात तसं नव्हतं. इथे एलिया मास्तर होते. मास्तर शाळेतून निवृत्त झाले आणि मोबाईलवरच्या 'गावरान कोंबडी परिवार' नावाच्या ग्रुपात दाखल झाले. कोंबडी शिंकली की ते फोटो टाकत. मग एक जण लसूण सांगे, दुसरा हळद सांगे, तिसरा गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ पाठवी. मास्तर फूल सोडून बाकी सगळं आम्हाला चारत.

मी पहिल्यांदा खुडूक बसले तेव्हाची गोष्ट. खुडूक बसणं म्हणजे कोंबडीला अंड्यांवर बसायची ओढ लागणं. मग ती पिसं फुगवते, खात नाही, जागची हलत नाही आणि कोणी हात लावला तर गुरगुरते. मास्तरांनी माझ्या पोटाला हात लावला, तो गरम लागला. त्यांनी तापाची पाव गोळी कुटली आणि माझ्या चोचीत कोंबली. हन्नाबाई शेतातून आली, तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आवं, खुडूक बसलीया ती. ताप न्हाई, आई व्हायचंय तिला."

"ग्रुपवर सगळ्यांनी गोळीच सांगितली."

"त्या ग्रुपात एखादी कोंबडी हाय का?"

मास्तरांनी ग्रुप सोडला नाही, पण त्या दिवसापासून औषध द्यायच्या आधी ते बायकोला विचारू लागले. खरं सांगायचं तर मास्तर वाईट वैद्य नव्हते. माझ्या पायांवर खवले उठले तेव्हा त्यांनी रोज करंजाचं तेल चोळलं आणि खवले बसले. अंगात उवा झाल्या तेव्हा त्यांनीच चुलीतली राख कोपऱ्यात टाकली आणि मी तिच्यात मनसोक्त लोळले. एकदा लहान पिल्लांना रक्ताची हगवण लागली. शेजारच्या लंकाबाई म्हणाल्या, नजर लागली, आणि त्यांनी मिरच्या उतरवून टाकल्या. खरं म्हणजे पाण्याचं भांडं गळत होतं आणि खालचा भुसा सदा ओला राहायचा. हन्नाबाईनं भुसा बदलला, दवाखान्यातली पावडर पाण्यातून दिली आणि हगवण थांबली. यश मिरच्यांना मिळालं.

मग गेल्या उन्हाळ्यात मानमोडी आली.

हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं ती जवळून पाहिली असणार. आधी हिरवट-पांढरं पाणी पडतं. मग कोंबडी चोच उघडून श्वास ओढते, पंख जमिनीला टेकतो, आणि मग मान पिळल्यागत वळते, वळते आणि वळलेलीच राहते. गावात रोज कोंबड्या मरत होत्या. लोक मेलेल्या कोंबड्या कालव्याच्या चारीत टाकत होते आणि चारी इमानानं त्या खालच्या वस्तीला पोचवत होती. खालच्या वस्तीनं वरच्या वस्तीला शिव्या दिल्या आणि आपल्या कोंबड्या त्याच चारीत आणखी खाली सोडल्या.

आमच्या अंगणात माझी आई गेली, बहिणी गेल्या, कोंबडा गेला. हन्नाबाई एकेकीला घरामागं पुरत होती आणि रडत होती. मास्तरांनी ग्रुपवर टाकलं. पुष्कळ जणांनी हात जोडलेले पाठवले. औषध कोणी सांगितलं नाही, कारण ते नसतंच. मी वाचले. कशी, ते मलाही माहीत नाही. मान तेवढी कललेली राहिली. खर्ड्याच्या वाणातली मी एकटी उरले.

तेव्हा हन्नाबाई आणि मास्तर गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर दिशा मॅडमना भेटायला गेले, मला पिशवीत घालून. मॅडमनी माझी मान पाहिली.

"काकू, याला औषध नाही, लस आहे. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात एक थेंब. पुढे ठरलेल्या वेळी पुन्हा."

"मग हिला पिल्लं झाली का द्या की."

"बाटली एकदम शंभर कोंबड्यांची येते. बर्फात ठेवायची आणि फोडली की तासा-दोन तासांत संपवायची. तुमच्या चार पिल्लांसाठी नाही फोडता येत. गावातल्या कोंबड्या मिळवा, मी स्वतः येते."

मास्तर दुसऱ्या दिवसापासून दारोदार फिरले. त्यांनी ज्यांना पाढे शिकवले होते ती माणसं त्यांना दारातच समजावून सांगू लागली. कोणी म्हणालं, आमच्या कोंबड्या रानात हिंडत्यात, त्यान्ला काय हुत न्हाई. कोणी म्हणालं, लस टोचली का कोंबडी अंडं सोडती, मोबाईलवर आलंय. एकानं तर लाख मोलाची शंका काढली, "मास्तर, फुकट हाय म्हन्ता, म्हंजे त्यात काय तरी असंल." एकट्या लंकाबाई हो म्हणाल्या, तेही शेजारधर्म म्हणून. बाटली काही फुटली नाही.

पावसाळा सरता सरता मी खुडूक बसले. या वेळी गोळी मिळाली नाही, अंडी मिळाली. कोंबडा लंकाबाईंचा होता, गुणी नव्हता, पण दुसरा होता कोण? पिल्लं निघाली तेव्हा हन्नाबाईनं एकेक उचलून उजेडात धरलं. त्यांत एक तांबूस, पिवळ्या पायांचं होतं. "ही माझ्या आयेच्या तोंडावळ्याची हाय," असं ती म्हणाली. कोंबडीचा तोंडावळा आईसारखा, हे ऐकून मास्तरांना हसू आलं, मला नाही आलं.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या तुऱ्यावर फोड उठले. आधी दाण्याएवढे, मग मसुरीएवढे. चोचीच्या कडेला आले, डोळ्याच्या कडेला आले, त्यांच्या काळ्या खपल्या झाल्या. सकाळी लंकाबाई ताक द्यायला आल्या. त्यांनी डोळे बारीक करून मला पाहिलं आणि पदर सावरून मागं सरकल्या.

"हन्नाबाय, हिच्या अंगावर देवी आल्यात. आता सुई लावू नकु, गोळी देऊ नकु. लिंबाचा पाला ठेव डालग्यात. आन् पाच दीस घरात फोडनी घालायची न्हाई."

फोडणी घालायची नाही हे ऐकून मला देवीविषयी पहिल्यांदा आदर वाटला.

"लंकाबाई," मास्तर म्हणाले, "आमच्यात देवी मानत नाहीत."

"तुमी नका मानू, मास्तर. कोंबडीनं कुठं बाप्तिस्मा घेतलाय?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

गंमत अशी की लंकाबाईंचं निदान बिनचूक होतं. या आजाराचं नावच देवी. दवाखान्याच्या भिंतीवरही तसंच लिहिलेलं आहे. दुपारी दिशा मॅडम लंकाबाईंच्या जर्सी गाईला पाहायला आल्या होत्या, त्यांना हन्नाबाईनं कुंपणावरून हाक मारली.

"देवीच आहे," मॅडम म्हणाल्या. "डासांनी पसरते. औषधानं जात नाही, तीन-चार आठवड्यांत आपली ओसरते. खपल्या उपटायच्या नाहीत. लाल औषधाच्या पाण्यात कापूस भिजवून पुसा, वरून आयोडीन लावा. डोळा चिकटू देऊ नका. डोळा मिटला की हिला दाणा दिसत नाही, मग ती देवीनं नाही, उपासानं मरते. आणि पिल्लं हिच्यापासून आजच्या आज वेगळी करा."

"आन् लिंबाचा पाला?" लंकाबाईंनी मान ताठ करून विचारलं.

"संध्याकाळी त्याचा धूर करा. डास जातील."

लंकाबाईंची अर्धी पूजा पास झाली. उरलेली अर्धीही त्यांनी केलीच.

पिल्लं घरात खोक्यात गेली, वर दिवा लावला. मी अंगणाच्या कोपऱ्यात, डालग्याच्या पालथ्या टोपलीखाली. त्यांचा चिवचिवाट मला ऐकू यायचा आणि मी इथून हाक मारायचे. आई आजारी पडली तर माणसांची मुलं आजीकडे जातात, आमच्याकडे दिव्याकडे जातात. मला ते फार लागलं, आणि त्यावर हन्नाबाईच्या कापसाचा काही उपयोग नव्हता. तरी ती रोज दोनदा यायची, खपल्या पुसायची, भिजवलेली बाजरी चोचीशी धरायची आणि म्हणायची, "ऱ्हा बाई. तू ऱ्हा."

इकडे लंकाबाई डेअरीवर दूध घालायला गेल्या आणि बोलून आल्या, 'हन्नाबायच्या कोंबडीच्या अंगावर देवी आल्यात.' डेअरीच्या रांगेत चार कॅन पुढं सरकेपर्यंत 'अंगावर'मधला 'वर' गळून पडून तिथं 'त' आला होता. संध्याकाळी गावात बातमी होती, 'हन्नाबायच्या कोंबडीच्या अंगात देवी आलीया.'

अंगावर आणि अंगात. अंगावर आली तर आजार, अंगात आली तर अधिकार. एवढ्या एका प्रत्ययानं मी रात्रीतून रोगी कोंबडीची देवस्थान झाले. मास्तर हे व्याकरण प्रत्येकाला समजावून सांगत होते. माणसं ऐकून घेत आणि नारळ कुठं ठेवायचा ते विचारत.

पहिल्या बाईनं विचारलं, पोराचं लग्न यंदा जमेल का. माझ्या डोळ्याची खपली खाजत होती, मी मान झटकली. बाई डोळे पुसत गेली. दुसऱ्यानं विचारलं, बोअर कुठं मारू. मी एक माशी टिपायला पुढं चोच मारली. त्यानं तिकडंच बोअर मारायचं ठरवलं, आणि तिकडं लंकाबाईंचं शेत होतं म्हणून दोघांत जुंपली.

मग आबासाहेब आले. त्यांना झेडपीचं तिकीट हवं होतं. पांढरे कपडे, मागं चार पोरं, पुढं फोनवाला. त्यांनी हात जोडून विचारलं, "वहिनी, देवीला म्हनावं, तिकिटाचं काय?"

माझी मान मुळात डावीकडे कललेली, त्यात खाज आली, ती झटक्यात उजवीकडे गेली आणि परत आली. मागच्या पोरांपैकी एक हळूच म्हणाला, "साहेब, देवी म्हनती, पक्ष बदला. पन परत यायचा रस्ता बी ठेवा." आबासाहेबांना हे इतकं पटलं की त्याच आठवड्यात त्यांनी पक्ष बदलला. एवढी मुत्सद्दी सल्लामसलत त्यांना कोणी माणसानं दिली नव्हती.

इथवर सगळी मजाच होती. हन्नाबाई आलेल्यांना लांबूनच हात जोडायला लावायची आणि नारळ लंकाबाईंना द्यायची. पण एके सकाळी वरच्या आळीचा गोरक्ष आला. त्याच्या काखेत कोंबडी होती.

"काकू, ही दोन दीस झालं खात न्हाई. देवीच्या पायाशी ठेवतो जरा."

त्यानं ती माझ्या डालग्यासमोर ठेवली. तिचा पंख जमिनीला टेकलेला होता. शेपटीखालची पिसं हिरवट ओली होती. ती चोच उघडून श्वास ओढत होती, आणि मान अजून सरळ होती, पण मला माहीत होतं की फार वेळ राहणार नाही. मी आयुष्यात दुसऱ्यांदा ते पाहत होते. माझी पिल्लं भिंतीपलीकडं होती.

मी ओरडले. डालग्यावर धडका घेतल्या, पंख आपटले, मान फिरेल तेवढी फिरवली. जमलेली माणसं हरखली. कोणी म्हणालं, "घुमाया लागली." कोणी हळद-कुंकू आणायला धावलं.

हन्नाबाई घरातून बाहेर आली. तिनं मला पाहिलं, मग माझ्यासमोरची कोंबडी पाहिली, मग तिच्याखालचं हिरवं पाणी पाहिलं.

"गोरक्ष, तिला उचल आन् भाईर ने."

"काकू, देवीच्या दारी आनलीया. ती रिकामी धाडंल व्हय?"

 गळ्यातला क्रूस हन्नाबाईनं पदराखाली सारला.

"देवीच म्हनती, भाईर ने," ती म्हणाली. "देवी म्हनती, आजारी कोंबडी दारात आनशील तर कोप हुईल. घरी नेऊन येगळी बांध. मेली तर चारीत टाकायची न्हाई. खड्डा कर, चुना टाक, आन् पूर. आन् हातपाय धुतल्याबिगर दुसऱ्या कोंबडीला हात लावू नगंस."

गोरक्षनं कोंबडी उचलली आणि उलट्या पावलांनी अंगणाबाहेर गेला. हेच सगळं मास्तर उन्हाळ्यात महिनाभर सांगत होते. तेव्हा तो म्हणाला होता, बघू.

माणसं पांगल्यावर हन्नाबाईनं अंगणात चुना टाकला, मग हात धुऊन पायरीवर बसली. मास्तर शेजारी येऊन बसले.

"हन्ना, तू देवीच्या नावानं बोललीस."

"व्हय."

"आपल्याला शोभतं का हे?"

"तुमी लसीच्या नावानं गाव हिंडला. कुनी ऐकलं? माझ्या आयेच्या घरातलं आता त्या खोक्यात हाय तेवढंच ऱ्हायलंय. शॅरनला म्या शब्द दिलाय. ते बी मान मोडून मरताना बघू का शोभत न्हाई म्हनून?"

 मास्तर उठले, घरातला जुना फळा काढून आणला, पुसला आणि खडू हातात घेतला.

"देवी काय म्हणते ते नीट सांग," ते म्हणाले. "शुद्धलेखन मी बघतो."

फळा दाराला टेकला. त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं की देवीचं तीर्थ परवा सकाळी घरोघर येईल, प्रत्येक धडधाकट कोंबडीच्या आणि पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब पडेल, आजारी कोंबडी लांब बांधावी, आणि ज्या घरची कोंबडी तीर्थ चुकवील त्या घराचं देवी पाहून घेईल. शेवटचं वाक्य लंकाबाईंनी घालायला लावलं. त्यांना सगळा प्रकार हन्नाबाईनं सांगितला होता. त्या म्हणाल्या, "मंग काय झालं? देवीचं काम देवी कुनाकडनं बी करून घेती. या खेपंला तुज्याकडनं घेतलं."

दिशा मॅडम थर्मासात बर्फ आणि बर्फात बाटली घेऊन आल्या. फळा वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सर, मी सरकारी डॉक्टर आहे. तीर्थ वाटायला आलेले नाही."

मास्तरांनी फक्त गल्लीकडं बोट केलं. प्रत्येक दारात माणूस उभा होता आणि प्रत्येकाच्या काखेत कोंबडी होती. अंघोळी झाल्या होत्या. काहींनी कोंबडीलाही कुंकू लावलं होतं. मॅडमनी थर्मास उचलला. मग म्हणाल्या, "चला. बर्फ वितळायच्या आत आवरू."

त्या सकाळी एक सोडून दोन बाटल्या फुटल्या. लस अंडं बंद करते असं म्हणणारा सगळ्यात पुढं होता. फुकट आहे म्हणजे काहीतरी असेल अशी शंका काढणाऱ्यानं आपल्या कोंबडीला दोन थेंब मागितले. माझ्या पिल्लांच्या डोळ्यांत थेंब पडले ते मी डालग्यातून लांबून पाहिले. मला थेंब नव्हता. आजारी कोंबडीला लस देत नाहीत, मग ती देवी असली तरी.

दुपारपर्यंत चौकात आबासाहेबांचं फ्लेक्स लागलं. 'देवी कुक्कुट लसीकरण मोहीम, संकल्पना आबासाहेब.' त्यात आबासाहेब कमरेपर्यंत होते आणि खाली कोपऱ्यात एक कोंबडी होती. तीही मी नव्हते. कुठल्यातरी पांढऱ्या परदेशी कोंबडीचा फोटो होता.

गोरक्षच्या कोंबड्या गेल्या. त्यानं त्या चुना टाकून पुरल्या. त्याच्या आळीतल्या आणखी काही गेल्या, ज्यांच्यात रोग आधीच शिरला होता. बाकी गावात मानमोडी फिरली नाही. माझ्या पिल्लांत एकाला घारीनं नेलं, एक थंडीत गेलं. तांबूस, पिवळ्या पायांची ती वाढली. माझ्या खपल्या गळून पडल्या आणि मी डालग्यातून बाहेर आले, तेव्हा पिल्लांनी मला ओळखलं नाही. चोच मारून ओळख करून द्यावी लागली.

पण थेंब एकदा देऊन भागत नाही. ठरलेल्या वेळी तो पुन्हा द्यावा लागतो. तेव्हा मॅडम आल्या, तर गल्लीत एकही दार उघडं नव्हतं. मास्तरांनी विचारलं तर माणसं म्हणाली, "आता कुठं देवी हाय तिच्या अंगात? बरी झाली न्हवं ती?"

म्हणजे मी आजारी होते तोवर त्यांच्या कोंबड्या निरोगी राहणार होत्या. मी बरी झाले आणि सगळा कारभार बिघडला. हन्नाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी हन्नाबाईकडं पाहिलं. तिनं मला काखेत घेतलं आणि चौकात नेऊन पारावर ठेवलं. मान तर माझी कललेली आहेच. मी ती एकदा झटकली, पंख आपटले आणि घसा मोकळा केला. दारं उघडू लागली. त्या रविवारी मास्तर चर्चमध्ये नेहमीपेक्षा बराच वेळ गुडघ्यांवर होते.

तेव्हापासून लसीची वेळ आली की माझ्या अंगात येतं. मॅडम आधी माझ्यासाठी हन्नाबाईला फोन करतात. अंडी मी आता क्वचितच देते, पण मला कापायची भाषा कोणी काढत नाही. गावातली मी एकटीच कोंबडी असेन जिला म्हातारपण मिळतंय.

म्हणून एक विनवणी करते. मी काही कायमची नाही. माझ्यामागं तुम्हाला कोण सांगणार? सकाळी खुराडं उघडाल तेव्हा अंड्याआधी एकदा कोंबडीच्या तोंडाकडं बघा. भुसा कोरडा ठेवा. आजारी असेल तिला वेगळी करा, मेलेली पुरा. आणि थेंब वेळेवर द्या. त्यासाठी कोणाच्या अंगात यायची वाट पाहू नका. अंगात आणणं फार कष्टाचं काम आहे, हे मी अनुभवानं सांगते.

परवा शॅरनचं लग्न झालं. निघायच्या वेळी हन्नाबाईनं तांबूस तलंग धुऊनपुसून टोपलीत ठेवली आणि टोपली लेकीच्या मांडीवर दिली. शॅरन आधी हसली, मग रडली. लंकाबाई पुढं झाल्या. त्यांनी टोपलीतल्या तलंगीची मान बोटानं इकडून तिकडून चाचपली आणि हळहळल्या.

"हन्नाबाय, हिची मान तर सरळ हाय गं. हिच्या अंगात काय यायची न्हाई कधी."

हन्नाबाईनं डोळे पुसले.

"मान सरळ ऱ्हावी म्हनून तर केलं समदं," ती म्हणाली.

गाडी निघाली. टोपलीतून माझ्या लेकीनं मान वर काढली आणि आधी माझ्याकडं, मग रस्त्याकडं नीट वळवून पाहिलं. मला तसं पाहता येत नाही. मी आपली डावीकडून, जेवढी दिसली तेवढी पाहिली.